एकाच बोटाच्या दोन नोंदी

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. लग्नकार्यात ओळख दिली नाही म्हणून निम्मं बेंगळूर माझ्यावर रागावलेलं आहे. पण त्याच माणसाने हात पुढे केला, की मी बोटं बघून नाव सांगतो, आणि जमलं तर पत्ताही. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांच्या बोटांना सुया टोचण्यात घालवली. चेहऱ्याकडे बघायची सवडच नव्हती, कारण चेहऱ्याकडे बघितलं की माणूस घाबरतो आणि हात मागे घेतो.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'डॉ. कमलाबाईंच्या रक्तशास्त्र आणि आनुवंशिकी या विषयांतील संशोधनकार्याविषयी' लिहायला सांगितलं आहे. एवढा भारदस्त विषय माझ्यासारख्या तंत्रज्ञाकडे सोपवणाऱ्याच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. बाईंचं सगळं छापील संशोधन आज कपाटाच्या एका खणात मावतं, आणि ते इंग्रजीत आहे. ज्याला कळतं त्याने ते वाचावं. त्यातला एक निबंध मात्र एकदा छापता छापता राहिला आणि पुन्हा नव्याने लिहावा लागला. त्या भानगडीला मी जबाबदार होतो, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

कमलाबाई धारवाडच्या. डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईत झालेलं, त्यामुळे मराठी खणखणीत. मी मिरजेहून बी. एस्सी. होऊन, छप्पनच्या सुमारास, मामांच्या ओळखीने बेंगळुरात आलो. छावणीच्या बाजूला एका इस्पितळाच्या मागे दोन खोल्या आणि एक व्हरांडा, एवढी आमची प्रयोगशाळा. मुलाखतीत बाईंनी मला एकच काम सांगितलं. स्वतःचं बोट पुढे केलं आणि म्हणाल्या, "टोचा." मी टोचलं. "बरं आहे," म्हणाल्या, "पण तुम्ही डोळे मिटून टोचता. उद्यापासून उघडे ठेवा."

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. रक्ताला लाल रंग देणारं जे द्रव्य असतं ते बहुतेकांचं सारखं असतं, पण काही घराण्यांत ते किंचित वेगळं असतं आणि आईबापांकडून मुलांकडे येतं. प्रत्येकाला त्याचे दोन वाटे मिळतात, एक आईचा, एक बापाचा. एकच वाटा वेगळा असेल तर माणसाला पत्ताही लागत नाही, तो जन्मभर ठणठणीत राहतो. दोन्ही वाटे वेगळे आले तर मूल फिकट दिसतं, डोळे पिवळसर होतात, दोन जिने चढलं की धाप लागते. जिवाला धोका नसतो, पण पोर कायम दमलेलं. हा वेगळा वाटा कुणाकडून कुणाकडे आला, त्याचा माग पिढ्यानपिढ्या मागे काढत जायचा, हे बाईंचं संशोधन.

माग काढायची रीतही साधी होती. रक्ताचा थेंब धुऊन, फोडून ओल्या टिपकागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीतून वीज सोडायची. नेहमीचं द्रव्य पुढे सरकतं आणि वेगळं असेल ते शर्यतीतल्या गुबगुबीत पोरासारखं मागे राहतं. सकाळी पट्ट्या लावल्या की संध्याकाळी पट्टे दिसत. मधेच वीज गेली तर सगळी शर्यतच रद्द, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसाच्या दारात.

हे दारात जाणं माझ्याकडे होतं. सायकलच्या कॅरियरवर बर्फ भरलेला थर्मास, पिशवीत काचेच्या नळ्या आणि बिस्किटांचे पुडे. रक्त देणाऱ्याला बिस्किटं द्यायची, असा बाईंचा नियम. एका तालमीतला पैलवान, पंजा माझ्या डोक्याएवढा, सुई बघूनच आडवा झाला. त्याला शुद्धीवर आणायला त्याच्या वस्तादाने त्याच्याच वाट्याची बिस्किटं खाऊन दाखवली. एक निवृत्त पोस्टमास्तर दर सोमवारी प्रयोगशाळेत येऊन विचारत, "माझं रक्त पोचलं का?" पोचल्याची सही घेतल्यावरच त्यांचं समाधान झालं. एका आजोबांनी आधीच विचारून ठेवलं होतं की हे परत कधी मिळणार.

बायकांचं मात्र वेगळं होतं. जुन्या घरांतल्या सुना परक्या पुरुषासमोर येत नसत. दाराआडून किंवा पडद्यामागून नुसता हात बाहेर यायचा, बांगड्या किणकिणायच्या आणि मी त्या हाताशी बोलायचो. प्रत्येक बोटाची खूण वहीत लिहायची, असा बाईंचाच दंडक. कुणाचं बोट घट्ट्यांनी राठ झालेलं, कुणाचं चुलीने भाजलेलं. कोणतं बोट टोचलं, कोणतं सोडलं आणि का, हे सगळं लिहून ठेवायचं. मला वाटायचं हा निव्वळ चिकटपणा आहे. पण पुढे त्याच रकान्याने माझी अब्रू घालवली आणि राखलीही.

शिवाजीनगरातल्या एका गल्लीत विठोबाअण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. घराणं मराठी, पण चार पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी मौज वाटायची, मग सवय झाली. त्यांचा थोरला मुलगा बाळू, आठ-नऊ वर्षांचा, फिकट आणि पिवळ्या डोळ्यांचा. बाळूच्या पट्टीवर सगळंच्या सगळं द्रव्य मागे राहिलेलं दिसलं आणि कमलाबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. दोन्ही वाटे वेगळे असलेलं मूल त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं. "कुलकर्णी," म्हणाल्या, "आता या घरातला एक माणूस सोडायचा नाही."

मी एकही सोडला नाही. विठोबाअण्णांना टोचलं. दाराआडून त्यांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, हात पुढे केला. अण्णांची म्हातारी आई तायव्वा तर समोर बसून टोचून घेताना माझ्याशी गप्पा मारत होती. मग मी आमच्या छापील कागदावरचे प्रश्न विचारले.

"लग्नाआधी तुमचं दोघांचं काही नातं होतं का? म्हणजे मामाची मुलगी केलीत का?"

"नाई अण्णा," विठोबाअण्णा मला म्हणाले (त्या घरात मीही अण्णाच होतो), "मामाची पोरगी नाई केली मी."

मी दाराकडे तोंड करून विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"हितंच, बेंगळुरात," दारामागून आवाज आला.

मी लिहिलं, 'नाते नाही', आणि बिस्किटं देऊन निघालो.

सात-आठ महिन्यांनी बाईंनी मला अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे, तुळसक्कांकडे पाठवलं. ते घर बनशंकरीच्या देवळापलीकडे. तेव्हा तिकडे नाचणीची शेतं होती. घरात लेक बाळंतपणाला आलेली. तुळसक्का स्वतः बोट टोचून घेऊन लगेच बारशाच्या खरेदीला गेल्या, म्हणून त्यांचे यजमान नावं सांगत होते. लेकीचं नाव सिंधू. बाळंतिणीच्या खोलीच्या पडद्यातून हात बाहेर आला. "मालकांचं नाव?" मी विचारलं. आत नुसतं खुदकन हसू. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मलाही ठाऊक होतं, पण कागदात रकाना होता. यजमान म्हणाले, "आमचे जावई टेलर आहेत, लिवा की." लिहिलं. बर्फ वितळत होता, उन्हाचं सायकल हाणत परत यायचं होतं. जास्त खोदत बसलो नाही.

या सगळ्यातून बाईंनी वंशवृक्ष काढला. त्यात पुरुष म्हणजे चौकोन आणि बाई म्हणजे गोल. एक वाटा वेगळा असेल तर अर्धं काळं, दोन्ही असतील तर पूर्ण काळं. बाळूचा चौकोन पूर्ण काळा. बाप अर्धा काळा, त्याची आई तायव्वा अर्धी काळी, बहीण तुळसक्का आणि तिची सिंधू अर्ध्या काळ्या. आणि नात्याबाहेरून आलेली रुक्मिणी, तीही अर्धी काळी. बाईंचं म्हणणं तिथेच उभं राहिलं. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोन घराण्यांतून हे द्रव्य आलं, म्हणजे ते या शहरात पुष्कळ ठिकाणी लपलेलं असणार. हे कुणीच म्हटलेलं नव्हतं. बाईंनी मन लावून निबंध लिहिला, परदेशातल्या एका मोठ्या मासिकाने तो घेतला आणि छापील पानं तपासायला आली. शेवटच्या ओळीत आभार मानलेले होते आणि त्यांत माझं नाव होतं. मी ते पान एक दिवस घरी नेलं. बायकोने देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. पानावर कुंकवाचा ठिपका पडला तो मला रबराने पुसावा लागला.

बाईंना ती पानं आठवड्याच्या आत परत पाठवायची होती. त्यातल्याच एका संध्याकाळी मी मैसूरपाक घेऊन शिवाजीनगरला गेलो. तुमचं घराणं आता विलायतेत छापून येणार, हे विठोबाअण्णांना सांगायला नको? दुकानात गर्दी होती, अण्णांच्या तोंडात टाचण्या होत्या. मागच्या सोप्यात तायव्वा आणि तिच्या शेजारी तुळसक्का बसलेल्या. लेकीला भेटायला आले, असं त्या म्हणाल्या. तायव्वाचीच लेक ती, मला वाटलं चुकून आईऐवजी लेक म्हणाल्या. मी मैसूरपाक पुढे केला.

"बसा अण्णा, स्वल्प कापी घ्या," तुळसक्का म्हणाल्या आणि आत हाक मारली, "सिंधे, ये सिंधे! अण्णांना कापी आण."

दाराआडून पितळी पेला धरलेला डावा हात बाहेर आला. पेला मी बघितलाच नाही. अनामिकेवर इस्त्रीने भाजल्याचा चट्टा होता, नखाखालून सुरू होऊन आत वळलेला. हा चट्टा मी दोनदा बघितला होता. दोन्ही वेळा त्या बोटाची कातडी सुईला दाद देईना म्हणून मी मधलं बोट टोचलं होतं.

"या रुक्मिणीबाई ना?" मी विचारलं.

"हितं रुक्मिणी," तुळसक्का म्हणाल्या. "लग्नात नाव ठेवलं विठूनं. मला कुठलं तोंडात बसतंय ते? माझी सिंधीच."

कॉफी कधी प्यालो आठवत नाही. सायकल हाणत प्रयोगशाळेत आलो आणि वही उघडली. रुक्मिणी: डाव्या अनामिकेवर इस्त्रीचा चट्टा, मधले बोट टोचले. सिंधू: डाव्या अनामिकेवर इस्त्रीचा चट्टा, मधले बोट टोचले. अक्षर माझंच. बोट विसरत नाही म्हणून मिरवणारा मीच.

मिरजेकडच्या मराठी माणसाच्या डोक्यात नात्यातलं लग्न म्हणजे मामाची मुलगी. मामाने भाचीशी लग्न करणं आमच्याकडे कानांवर हात ठेवण्यासारखं. इकडे कानडी मुलखात ते रोजचं, आणि चार पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांनी इडलीबरोबर तेही उचललेलं. अण्णांनी अक्काची मुलगी केली होती आणि मी विचारलं होतं मामाच्या मुलीचं. त्यांनी उत्तर अगदी खरं दिलं होतं. प्रश्नच मिरजेचा होता.

म्हणजे नात्याबाहेरची रुक्मिणी नावाची बाई जगात नव्हतीच. बाळूचे दोन्ही वाटे एकट्या तायव्वाकडून आलेले, एक मुलाच्या हातून, दुसरा मुलीच्या आणि नातीच्या हातून. दोन घराणी नव्हती. निबंधाचा कणाच मोडला होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

खरं सांगतो, त्या दिवशी मी वही मिटून घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही गप्प बसलो. पानं पाकिटात भरलेली होती. विलायतेत कोण बसलंय तुळसक्काची हाक ऐकायला? माझं नाव छापून येणार होतं आणि बाईंचं तर नाव होणारच होतं. वरच्या साहेबांना बाईंच्या या कागदाच्या पट्ट्या म्हणजे खेळ वाटायचा, त्यांचं तोंड बंद होणार होतं. मला फार भीती वाटली, आणि स्वतःची लाजही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पाकिटाला तिकिटं लावत होत्या. मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली, दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. दोन्ही ओळी परत वाचल्या.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"मग मला तरी का सांगितलंत?"

"बाई, उद्या कुणी कॉफीचा पेला पुढे केला तरी मला तेच बोट दिसेल. सुई कशी धरू?"

त्यांनी वही मिटली. मी मनातल्या मनात मिरजेचं तिकीट काढलं. मग त्या म्हणाल्या, "चूक तुमच्या एकट्याची नाही, कुलकर्णी. मी धारवाडची. आमच्या शेजारी तीन घरं मामा-भाचीची होती. 'नाते नाही' वाचल्यावर मला शंका यायला हवी होती. मीही मनात म्हटलं, मराठी माणसं आहेत, ती कशाला असं करतील." त्यांनी लावलेली तिकिटं नखाने अलगद सोडवली आणि मला परत दिली. "चला, तार करून येऊ. आणि मग तुमच्या त्या बोटाकडे जाऊ."

बाई आल्या म्हटल्यावर रुक्मिणीबाई पहिल्यांदाच दाराबाहेर आल्या. मी प्रथमच त्यांचा चेहरा बघितला. हसतमुख, विशीतली बाई, कडेवर धाकटं मूल.

"अगं, दोनदा सुई टोचून घेतलीस, एकदा तरी बोलायचं नाही का?" बाईंनी विचारलं.

"मला काय ठावं बाई? अण्णा हितं आले, घेतलं. आईकडं आले, परत घेतलं. म्हटलं, सासरचं रगत येगळं लिहीत असतील, माहेरचं येगळं."

विठोबाअण्णांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि अण्णांनी मामाची पोरगी का म्हणून विचारलं. अक्काची का म्हणून विचारलं असतं, तर हो म्हटलं असतं की!"

"सगळ्या गल्लीला ठावं हाय," तायव्वा म्हणाली. "ते काय सांगायचं असतं?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी प्रत्येक घराच्या दारात पुन्हा गेलो. कागदावर बाईंनी दोन नवे प्रश्न घातले. एक, लग्नाआधी पतीच्या आपण कोण लागत होता. दुसरा, माहेरचं नाव काय. पहिल्यावर बायका लाजायच्या. दुसऱ्यावर मात्र दारामागचा आवाजच बदलायचा. एरवी एका शब्दात उत्तर देणाऱ्या बायका नाव सांगता सांगता ते कुणी ठेवलं, मैत्रिणी काय म्हणून हाक मारायच्या, सगळं सांगत बसायच्या. माझा बर्फ वितळायचा. आणखी दोन बायका आमच्या वहीत दोन-दोनदा सापडल्या.

या वर्षभरात दुसरीकडच्या कुणाचा तरी तशाच विषयावरचा निबंध छापून आला आणि पहिलेपणाचा मान गेला. याची रुखरुख मला आजही आहे. बाईंनी तो निबंध वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं काम आहे. फक्त यांनी माहेरची नावं विचारली होती की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही." एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला आणि पट्ट्या लावायला सांगितल्या.

आमचा निबंध शेवटी इथल्याच एका मासिकात आला. मोठा दावा गेला होता, पानं कमी झाली होती. पण एका म्हातारीपासून निघून दोन वाटांनी खाली येऊन एका पोरात मिळालेला तो वंशवृक्ष इतका स्वच्छ होता, की बाई पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवताना तोच फळ्यावर काढत. आभारांत माझं नाव होतं. यावेळी बायकोला मी लांबूनच दाखवलं.

छापील प्रतींचा गठ्ठा आला तेव्हा बाई म्हणाल्या, पहिली प्रत विठोबाअण्णांच्या घरची. दोघं शिवाजीनगरला गेलो. विठोबाअण्णांनी कापडं बाजूला सारून टेबल मोकळं केलं. चित्राचं पान उघडून मी एकेकाला आपापली जागा दाखवली. ही तायव्वा, हे तुम्ही, हा बाळू. बाळूला आपला चौकोन सगळ्यात काळा आहे याचाच अभिमान वाटला. मग रुक्मिणीबाई पुढे वाकल्या.

"आणि मी कुठली?"

मी अर्धा काळा गोल दाखवला. तुळसक्कांकडून खाली येणारी एक रेघ त्यात शिरत होती. नात्यातलं लग्न दाखवणारी जोडरेघ तिथून निघून विठोबाअण्णांच्या चौकोनापर्यंत गेली होती.

त्यांनी चट्ट्याचं बोट त्यावर ठेवलं, आणि जवळपास आणखी काही आहे का म्हणून पानभर शोधलं.

"एवढंच? आधी दोन होते म्हणालात की."

"आधी चूक झाली होती. रुक्मिणी आणि सिंधू एकच ना?"

"एकच कशी?" त्या म्हणाल्या. "रगत दोनदा घेतलंत की अण्णा! मग गोल एकच कसा?"

मी बाईंकडे बघितलं. ज्या एका गोलासाठी त्यांनी विलायतेतला निबंध मागे घेतला होता, तो समोर होता. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कुलकर्णी, ही प्रत त्यांचीच आहे. मला इथून दिसत नाही."

मी खिशातलं पेन काढलं, त्या गोलाशेजारी दुसरा गोल काढला, अर्धा काळा केला आणि खाली मराठीत लिहिलं, सिंधू. रुक्मिणीबाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पान घडी करून शिवणयंत्राच्या खणात ठेवलं.